गोल सभागृहाची भिंत

ज्या इमारतीत मी एम.ए. केलं आणि जिच्या ग्रंथालयात पुढे माझी सगळी नोकरी झाली, ती विद्यापीठाची इमारत बघायला अजूनही लांबून पोरं येतात. पाठीवर सॅक, हातात मोबाइल. पडवीतल्या सिमेंटच्या जाळ्यांमधून दुपारचं ऊन आत येतं आणि शहाबादी फरशीवर चौकटी पडतात, त्या चौकटींचे फोटो काढताना ती जमिनीवर लोळायचीच बाकी राहतात. नोकरीत असताना त्यांना फिरवून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. ज्या मोठ्या आर्किटेक्टने ग्रंथालयाच्या सगळ्या खिडक्या पश्चिमेला काढल्या त्याने नंदुरबारचा एप्रिल कधी अंगावर घेतला नव्हता, उन्हाने पुस्तकांचा डिंक सुटतो आणि पानं हातात येतात, हे मी कुणाला सांगत नसे. सगळ्यात शेवटी मी त्यांना गोल सभागृहात नेई. वर घुमट, खाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेल्या खुर्च्या, आणि भोवती सीताफळाच्या सालीसारखी खरबरीत भिंत. पोरं तिच्यावरून हात फिरवत. एखादी विचारायची, 'मॅडम, हे मुद्दाम असं केलंय ना?' मी म्हणायची, 'हो, मुद्दाम.' ती भिंत माझ्या वडिलांनी केली, हे इतक्या वर्षांत मी एकाही पोराला सांगितलं नाही. ते इथे लिहायचं ठरवलं आहे, आणि माझी बाजू सावरून घेण्यासाठी लिहीत नाही.

माझे वडील शेख रहीम गवंडी होते. त्यातही प्लास्टरचे. विटा कुणीही रचाव्यात, पण भिंतीला तोंड द्यायचं ते रहीम उस्तादांनी, असं गावात म्हणत. अम्मी मिरचीच्या पथारीवर जायची. गावाबाहेर मैलभर लाल मिरची वाळत घातलेली असते, तिथे बायका दिवसभर बसून देठ खुडतात. वारा आमच्या मोहल्ल्याकडे फिरला की सगळी गल्ली एकदम खोकायला लागायची, आणि खोकता खोकताच बायका भाकऱ्या थापायच्या. अम्मीची बोटं मिरचीने आणि अब्बांची चुन्याने जळलेली. त्यामुळे आमच्या घरात कुणी कुणाच्या गालाला हात लावत नसे. लहानपणी मी रडायला लागले की अम्मी कोपराने डोळे पुसायची. अब्बा त्याच्याही पुढचे. प्लास्टर भिंतीला नीट धरलं आहे की आत पोकळी राहिली आहे, हे गवंडी बोटाच्या पेराने ठोकून ऐकतात. पोकळी असली की आवाज वेगळा येतो, त्याला ते 'पोली' म्हणत. अब्बांना ही ठोकायची सवयच जडली होती. टरबूज ठोकत, दरवाजा ठोकत, आणि मी शाळेतून आले की माझं डोकं ठोकत. कान जवळ नेऊन गंभीरपणे ऐकत आणि अम्मीला सांगत, 'आंडेर पोली नही शे. भरेल शे.' आंडेर म्हणजे लेक. त्या घरातला लाड म्हणजे तेवढाच होता, आणि माझी चौथीतली, दहावीतली, बी.ए.ची मार्कशीट अशीच डोक्यावर ठोकून वाचली गेली.

मी बी.ए.ला असताना विद्यापीठाच्या इमारतीचं काम सुरू होतं. अब्बा दोन वर्षं तिथेच होते. रोज जेवताना इमारत आमच्या ताटात असायची. आज पडवी झाली, आज जिन्याची भिंत झाली, आज ग्रंथालयाच्या कोपऱ्यात पोली निघाली ती फोडून परत केली. भाकरीच्या तुकड्याने थाळीत नकाशा काढून ते आम्हाला खोल्या दाखवत, आणि शेवभाजीचा रस्सा ओघळून कुलगुरूंच्या खोलीत शिरला की अम्मी हसायची. त्या खोल्यांत एक दिवस मी पुस्तक घेऊन बसणार, हे त्यांनी मनाशी पक्कं केलेलं होतं. तोंडाने बोलले नाहीत, पण माझं बोट धरून ते मला प्रत्येक खोलीतून फिरवूनच आणत होते. गोल सभागृहाची पाळी आली तेव्हा बांधकामावर देखरेख करणाऱ्या इंजिनिअर साहेबांनी सांगितलं की इथली भिंत खरबरीत ठेवायची, नकाशात तसंच आहे. अब्बा घरी आले ते फणफणत.

'खरबडी भिंत गोठ्याले राहू दे,' ते म्हणाले. 'आठे मोठमोठला लोके बठतीन. त्यास्ले मी गोठा बांधी देऊ का?'

अम्मी म्हणाली, 'साहेब सांगी ऱ्हायना ना? मग कर ना तसं.'

'साहेबले घाई शे. त्याले वाटस, रहीमले येळ लागी. मी येळ लावसू नही. आरसा करी देसू.'

आता विचार करते तेव्हा वाटतं, ही चूक फक्त चांगलाच कारागीर करू शकतो. आळशी गवंड्याने खूश होऊन भिंत तशीच सोडली असती आणि नकाशाप्रमाणे सगळं बरोबर झालं असतं. माझ्या वडिलांना खरबरीत म्हणजे अर्धवट एवढंच ठाऊक होतं. साहेब पंधरा दिवस रजेवर गेले तेवढ्यात त्यांनी डाव साधला. चुन्याचा बारीक हात मारला, त्यावर शंखजिऱ्याची पूड लावली आणि तापीच्या पात्रातून आणलेल्या गुळगुळीत गोट्याने सगळी भिंत घुमटापर्यंत घोटून काढली. परांचीवर त्यांच्या जोडीला जामसिंगभाऊ होता, धडगावकडच्या डोंगरातला, अब्बांच्याच वयाचा. दोघं पहाटे जात आणि दिवेलागणीला परत येत. काम संपलं त्या दिवशी अब्बा मला भिंत दाखवायला घेऊन गेले. तिच्यात माझा चेहरा दिसत होता, केसाची बट कुठे सुटली आहे तेसुद्धा. मी म्हटलं, 'अब्बा, काय सुंदर!' सुंदर हा शब्द सभागृहात फिरून फिरून परत आला आणि आम्ही दोघं हसलो. आम्हाला वाटलं, भिंतही कबूल करते आहे.

त्या इमारतीतल्या पहिल्या तुकडीत मी एम.ए.ला दाखल झाले. तिथे मला मृणाल भेटली. ती त्याच इंजिनिअर साहेबांची मुलगी. गोरी, बोलायला मोकळी, आणि मनाने वाईट अजिबात नाही. वाईट मी होते. पहिल्या आठवड्यात तिने सहज विचारलं, 'तुझे बाबा काय करतात गं?' आणि मी तितक्याच सहज म्हटलं, 'बांधकामाची कंत्राटं घेतात.' शेख तर आमच्या गावात पोत्याने, त्यामुळे आडनावावरून काही उघडं पडायची भीती नव्हती. त्या एका वाक्यावर मला तिच्या घरी चहा मिळाला, तिच्या आईच्या हातचं श्रीखंड मिळालं, तिच्या शेजारची खुर्ची मिळाली. मी घरात अहिराणी बोलायचं कमी केलं. अम्मीने मिरचीच्या हाताने माझ्या वहीला हात लावला तर मी वही झटकून घेई. कुणी सांगितलं नव्हतं, माझं मीच शिकत होते.

सभागृहातला पहिला मोठा कार्यक्रम झाला तेव्हा बाहेरून एक पाहुणे भाषणाला आले होते. ते बोलायला उभे राहिले आणि त्यांचं पहिलंच वाक्य घुमटाला जाऊन परत आलं, तोवर दुसरं निघालं, आणि दोन्ही एकमेकांत अडकली. माइक बंद केला तरी तेच. मागच्या रांगेतल्या कुणीतरी कोंबड्यासारखी बांग दिली. सभागृहाने ती सात वेळा दिली. मग विचारूच नका. कुणी भुंकलं, कुणी शिंकलं, पाहुणे घाम पुसत खाली बसले. इंजिनिअर साहेबांची पाचावर धारण बसली होती. रजेवरून आल्यावर इमारत सोपवायच्या घाईत त्यांनी ती भिंत तशीच चालवून घेतली होती. सगळ्यांदेखत आपल्यावर शेकणार हे दिसताच ते ओरडले, 'कुणी घोटली ही भिंत? बोलवा त्याला!' अब्बा बाहेर पडवीत जिन्याचा कठडा दुरुस्त करत होते. त्यांना तसेच आत आणलं, कोपरापर्यंत सिमेंट. साहेबांनी त्यांना स्टेजवर चढवलं आणि माइक पुन्हा सुरू करून पुढे धरला. 'सांग सगळ्यांना तुझं नाव.'

अब्बांना काही कळलं नव्हतं. आपला सत्कार आहे, असंच त्यांना क्षणभर वाटलं असणार, कारण त्यांनी डोक्याचा रुमाल काढला आणि हसून नाव सांगितलं. घुमटाने ते नाव उचललं आणि भिंतीभिंतीवरून आपटत नेलं. पोरं लोटपोट झाली. कुणीतरी ओरडलं, 'भोंगा मिस्त्री!' आणि सभागृहाने तेही सात वेळा म्हटलं. अब्बांचं हसू लगेच गेलं नाही, चेहऱ्यावर तसंच राहून गेलं, काढायचं विसरल्यासारखं. मी तिसऱ्या रांगेत मृणालच्या शेजारी बसले होते. ती हसत होती, म्हणून मीही हसले. अब्बांनी मला पाहिलं नाही, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिले.

शिक्षा अशी ठरली की ज्याने भिंत घोटली त्यानेच ती छिन्नीने टोचून काढायची, इंचाइंचावर खाच पाडायची, आणि आवाज त्यात विरावा म्हणून वर जाड वाळूचा थर मारायचा. तेही कॉलेज चालू असताना. ग्रंथालयातून वर्गाकडे जायची जवळची वाट सभागृहातून होती. त्यामुळे दिवसभर पोरं खालून जाता-येता 'भोंगा!' अशी हाक मारत आणि ती वर घुमटात फिरताना ऐकत उभी राहत. अब्बा मान वर करत नसत. छिन्नीचा ठणठणाट मात्र सगळ्या इमारतीत ऐकू यायचा, तासाला बसलं तरी, जिन्यावर गेलं तरी. स्वतःच्या हाताने केलेला आरसा ते बोटबोट फोडत होते. घरी आले की जेवून भिंतीकडे तोंड करून झोपत. माझं डोकंही त्यांनी त्या दिवसांत ठोकलं नाही, आणि मला ते हवंही नव्हतं.

एक दिवस ते डबा विसरून गेले. अम्मीने तो फडक्यात बांधला आणि माझ्या पिशवीत ठेवला. कळण्याच्या भाकरी, ठेचा, कांदा. म्हणाली, 'सभागृहमाच शेतस ना ते. वर नको चढू, खालतूनच हाक मार. हाक मारशी ना?' मी हो म्हटलं. सकाळपासून ती पिशवी मला जड लागत होती. मृणालची नजर चुकवून डबा परांचीच्या पायाशी ठेवून निघून येईन, असं मी योजलं होतं. पण दुपारी ग्रंथालयातून निघाले तर मृणाल बरोबरच आली. आम्ही सभागृहात शिरलो आणि अर्ध्या वाटेवर वरचा ठणठणाट थांबला.

मी वर पाहिलं नाही. पण मृणालने पाहिलं. घुमटाच्या कडेला परांचीवर अब्बा आणि जामसिंगभाऊ उभे होते. अब्बांनी हात थांबवला होता. माझ्या पिशवीतून डब्याचं फडकं बाहेर डोकावत होतं, ते त्यांना दिसलं असेल. त्यांना भूक लागली असेल. मी हाक मारेन, म्हणून ते थांबले होते.

'नसीम,' मृणाल कुजबुजली, 'तो माणूस तुझ्याकडेच बघतोय. ओळखतेस का तू त्याला?'

मीही कुजबुजूनच उत्तर दिलं. 'छे गं. कुणी नाही. भोंगा मिस्त्री आहे तो.'

आम्ही उभ्या होतो तिथली भिंत खालपासून वरपर्यंत अजून घोटलेलीच होती. छिन्नी तिथवर पोचायची होती. शब्द तोंडातून सुटला आणि मला कळलं की तो खाली राहिलेला नाही. भिंतीला धरून तो वर चढत गेला, जसा 'सुंदर' गेला होता. मग त्याच भिंतीवरून वरचा आवाज खाली उतरून माझ्या कानात आला, अगदी शेजारी उभं राहून बोलावं तसा. आधी जामसिंगभाऊचा.

'उस्ताद, ती तुन्ही आंडेर शे ना?'

आणि मग माझ्या वडिलांचा. 'नही. कॉलेजनी कोनी मॅडम व्हई.'

मृणालला अहिराणी येत नव्हती, 'मॅडम' तेवढं तिला कळलं. ती खुदकन हसली. 'बघ, तुला मॅडम म्हणतोय!' ठणठणाट पुन्हा सुरू झाला. अब्बांनी छिन्नी उचलून थेट आम्ही उभ्या होतो त्याच्या वरच्या भागावर लावली. चुन्याचे कपचे आमच्यापुढे पडू लागले आणि आम्ही पदर सांभाळत पळालो. डबा माझ्या पिशवीतच राहिला. मी तो परत जाऊन देऊ शकले असते. दुपारभर माझ्याकडे वेळ होता. मी पडवीत जाळीशी बसून फरशीवरच्या उन्हाच्या चौकटी मोजत राहिले आणि पाच वाजता भरलेला डबा घेऊन घरी गेले.

अम्मीने पिशवी उघडली. डबा हलवून पाहिला. माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात अब्बा आले. त्यांनी हातपाय धुतले, स्वतःच्या हाताने चटई अंथरली, थाळी मांडली, आणि दिवसभर उपाशी असलेल्या त्या माणसाने मला वाकून विचारलं, 'मॅडम, तुम्हनं जेवन व्हयनं का?'

अम्मी थबकली. 'काय बोली ऱ्हायनात? आंडेरसंगे असं बोलतस का कोनी?'

'मोठा लोकेसंगे असंच बोलतस,' अब्बा म्हणाले आणि सकाळची भाकरी ठेच्याला लावून जेवायला लागले. रागाने नाही. चवीने जेवले. मला वाटलं, दोन दिवसांत उतरेल. मी त्यांना ओळखलं नव्हतं. पोली दिसली की ती भिंत ते तशीच ठेवत नसत.

ते मरेपर्यंत मला मॅडमच म्हणत राहिले. कधी आवाज चढवला नाही, कधी तू म्हटलं नाही, माझं नाव घेतलं नाही. मी दारात आले की उठून उभे राहत. माझ्या निकाहात नवऱ्याकडच्यांना म्हणाले, 'मॅडमनं नशीब चांगलं शे.' मला ग्रंथालयात नोकरी लागली तेव्हा पेढे वाटत फिरले, 'मॅडमले नोकरी लागनी,' आणि सगळा मोहल्ला कौतुकाने हेलावला. शिकलेल्या पोरीला बापाने मान कसा द्यावा, तो रहीम उस्तादांकडून शिकावा, असं मशिदीच्या पायरीवर लोक बोलायचे. माझी मुलं विचारायची, 'नाना तुला मॅडम का म्हणतात?' मी सांगायची, 'मी नोकरी करते ना, म्हणून.' मुलांना त्याचा अभिमान वाटायचा. खरं तिघांनाच ठाऊक होतं, त्यातला जामसिंगभाऊ डोंगरात परत गेला तो पुन्हा दिसला नाही. अम्मीने शेवटपर्यंत मला विचारलं नाही, आणि अंदाज तिला नव्हता असं मला वाटत नाही. मी माफी मागितली का? दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा अब्बांनी हात जोडले आणि म्हणाले, 'तुम्ही कसाले माफी मांगतस, मॅडम? तुम्ही काय करं?' त्या हात जोडण्यापेक्षा एक मुस्काटात बसली असती तर मी सुटले असते. हे त्यांनाही माहीत होतं.

शेवटच्या आजारात त्यांची बोटं सारखी चालायची. खाटेच्या बाजूच्या भिंतीवर टक टक ठोकायचे, थांबून ऐकायचे, पुन्हा ठोकायचे. एका दुपारी मी त्यांच्याजवळ एकटीच होते. काय मनात आलं कोण जाणे, मी खाली वाकले आणि लहानपणी धरायचे तसं डोकं त्यांच्या हातापुढे धरलं. केस पिकायला लागलेली बाई मी, पण धरलं. त्यांचा हात उचलला गेला. पेर माझ्या केसांपासून दोन बोटांवर आलं आणि तिथेच थांबलं. ते म्हणाले, 'नको. तुम्हले धूळ लागी, मॅडम.' त्यांच्या हाताला धूळ नव्हती. अम्मीने सकाळीच ते हात ऊन पाण्याने पुसले होते. चार दिवसांनी ते गेले.

माझ्या निवृत्तीचा समारंभ त्याच गोल सभागृहात झाला. आमच्या विभागप्रमुखांनी भाषणात इमारतीचंही कौतुक केलं, इथे शेवटच्या रांगेलाही शब्द न् शब्द स्पष्ट ऐकू येतो म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाल-श्रीफळ झालं, चहा झाला, सगळे पडवीत फोटो काढायला गेले. पर्स विसरल्याचं सांगून मी परत आत आले. तिसऱ्या रांगेपलीकडे, मी आणि मृणाल उभ्या होतो त्या जागी गेले. शाल बाजूला ठेवली आणि पेराने भिंत ठोकायला लागले. वाकून खाली ठोकली, हात पोचेल तिथवर वर ठोकली. बोट सोलवटलं. कुठेही पोली नव्हती. मग जिथे परांची होती तिकडे मान वर करून मी मोठ्याने म्हटलं, 'ते माझे अब्बा आहेत.' वाट पाहिली. पुन्हा म्हटलं, या वेळी ओरडून. भिंतीने एक अक्षर परत दिलं नाही. अब्बांनी काम चोख केलं होतं.